'आईला सांगू नका, डॉक्टर'

गेल्या महिन्यात खालापूरकडचा एक तरुण माझ्या कर्जतच्या दवाखान्यात आला. बरोबर पेशंट नव्हता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले रिपोर्ट होते. त्याने दार लावून घेतलं, खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. तिला सांगू नका. साधी गाठ आहे असंच सांगितलंय आम्ही. कॅन्सर म्हटलं तर ती हाय खाईल."

रिपोर्ट वाचायला मला अर्धा मिनिट लागला. उत्तर द्यायला बराच वेळ लागला. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतः 2018 च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांना म्हटलं होतं. माझ्या आईबद्दल.

या ब्लॉगवर मी डायबेटिस, बीपी, डेंग्यू, लसी यांवर लिहीत असतो. घरचं लिहायचं टाळतो. पण त्या मुलाशी बोलताना जे सांगावंसं वाटलं ते पंधरा मिनिटांच्या ओपीडीत मावण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

आमचं गाव कर्जत-खोपोली मार्गावरच्या डोलवली स्टेशनपासून जवळ. आई माळकरी. आषाढीची वारी, महिन्याच्या दोन्ही एकादशा, सकाळी हरिपाठ. 2018 च्या जूनमध्ये अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. वारी तोंडावर आली होती, म्हणून तिने ठरवलं, वारी झाल्यावर बघू. वारी झाली. मग भातलावणी राहिली होती, मग गणपती आले, नवरात्र आलं, दिवाळी आली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने वहिनींना सांगितलं. मला नाही. मुलगा डॉक्टर आहे, रोज पन्नास-साठ पेशंट तपासतो, दर रविवारी घरी जेवायला येतो, आणि त्याच्या आईने पाच महिने गाठ पदराखाली लपवली. कारण साधं होतं. मुलाला कसं दाखवायचं?

मी तपासलं तेव्हा गाठ लिंबापेक्षा मोठी झाली होती आणि काखेतही एक गाठ हाताला लागत होती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण वाचणाऱ्यांत अनेक बायका आहेत. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हा समज त्यामुळे फार महागात पडतो. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं एक अभ्यास केला. त्यात मशीन नव्हतं, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत होत्या. तेवढ्यानेही पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे गाठ लागली तर कुणाला तरी हात लावू द्या. मुलाला दाखवायचं नसेल तर बाई डॉक्टरला दाखवा, नर्सला दाखवा. पण वारी होईपर्यंत थांबू नका.

तर, बायोप्सी झाली. रिपोर्ट घेऊन मी परळला टाटा हॉस्पिटलला गेलो आणि तिथल्या डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणालो, आईला सांगू नका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः डॉक्टर आहात ना? आणि उद्या केमोच्या खोलीत शेजारच्या बाईने तिला विचारलं, तुमचा कॅन्सर कुठला, तर काय सांगणार ती?"

मी तरीही दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा लोकलमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टाटाला कशाला नेतात ते मला कळतं रे. तुम्ही सगळे माझ्यासमोर हसता, ते नका हसू. भीती वाटते."

घरच्यांनी लपवलं की पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. फक्त बोलायला माणूस उरत नाही. तो एकटा पडतो, आणि घरचेही. त्या लोकलमध्ये, नेरळ ते बदलापूरच्या मध्ये, मी आईला सगळं सांगितलं. कोणता आजार, किती वाढलाय, उपचार कोणते. तिने दोनच प्रश्न विचारले. किती महिने लागतील, आणि खर्च किती. मरणाबद्दल तिने विचारलं नाही. ते तिने तिच्या विठोबाशी बोलून घेतलं असावं. मी त्यात पडलो नाही.

उपचारांचा आराखडा असा होता: आधी केमोचे आठ डोस, दर तीन आठवड्यांनी एक. मग ऑपरेशन, मग रेडिएशन, मग पाच वर्षं हार्मोनची गोळी. गाठ मोठी असली की आधी केमो देऊन ती लहान करतात, म्हणजे ऑपरेशन सोपं होतं आणि कधीकधी स्तनही वाचतो. पहिला डोस डिसेंबरच्या सुरुवातीला झाला.

आमच्या भागातून परळला जायचं म्हणजे पहाटेची गाडी. खोपोली मार्गावर गाड्या कमी, एक चुकली की दिवस गेला. कर्जतला बदलायचं, दादरला उतरायचं, परत बदलायचं किंवा टॅक्सी. जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, आणि येताना पेशंटला मळमळ. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, त्यात संकोच करू नका. आणि रेल्वेभाड्यात पेशंटला व सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात आपला रायगड होता. आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवर नाव एकसारखं आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. आमच्या ओळखीच्या एका घराचे तीन आठवडे नावातल्या एका अक्षरापायी गेले.

आता श्रद्धेबद्दल. मी स्वतः फारसा देवभोळा नाही. आईचा आजार सुरू झाल्यावर घरात देवाधर्माची जी धांदल उडाली तिने पहिले काही दिवस माझं डोकं उठलं होतं. आत्याने कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला. दादा प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी महडला वरदविनायकाला जाऊ लागला. तिथला नंदादीप 1892 पासून अखंड तेवतो आहे, दादा त्याच्यासाठी तेल न्यायचा. मी एकदा चिडून म्हणालो, त्या वेळात फाईलच्या झेरॉक्स काढल्या असत्यास तर बरं झालं असतं. दादा शांतपणे म्हणाला, "झेरॉक्स काढल्यात. तीन-तीन."

तेव्हा मला कळलं की दादाला तो फेरा आईसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त हवा होता. दुसऱ्या दिवशी आईला सुई टोचताना बघायचं बळ तो तिथून आणत होता.

प्रार्थनेने रोग बरा होतो का, असं मला पेशंट विचारतात. 2006 साली अमेरिकेत बायपासच्या 1802 पेशंटवर मोठा अभ्यास झाला. अनोळखी लोकांनी प्रार्थना केलेल्या पेशंटना त्याचा फायदा दिसला नाही, आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. याचा अर्थ मी असा लावतो की देवाला औषधाचं काम सांगू नये. पण रात्री दोनला झोप येत नाही, तोंड आलंय, उलटी होईल असं वाटतंय, तेव्हा आई हरिपाठ म्हणत पडायची आणि तिचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. ते काम माझ्याकडच्या कुठल्या गोळीने तितकं नीट केलं नसतं.

श्रद्धा आणि उपचार यांची टक्कर जिथे झाली त्या जागा मात्र सांगायलाच हव्यात.

पहिली एकादशी. केमो चालू असताना निर्जळी किंवा कडक उपास करणं धोक्याचं. शरीरात पाणी कमी पडतं, वजन उतरतं, पुढचा डोस लांबतो. मी समजावलं, ऐकलं नाही. मग वहिनींनी युक्ती केली. गावातल्या कीर्तनकार बुवांना घरी चहाला बोलावलं. बुवा म्हणाले, "माउली, आजाऱ्याला एकादशी नसते. नाम घ्या, पोटाला खा." संपलं. एम.बी.बी.एस. मुलाचं जे ऐकलं नाही ते बुवांचं ऐकलं. तडजोड अशी झाली की एकादशीला उपासाचेच पदार्थ, पण पोटभर: भगर, शेंगदाण्याची आमटी, दूध, ताक. तुमच्याही घरी असा कुणी बुवा, मौलाना, फादर असेल तर त्याला उपचारांच्या बाजूला घ्या. त्याच्याशी भांडू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मार्चमध्ये, सहाव्या डोसाच्या आधीच्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डोस आठवडाभर पुढे गेला. कारण सापडेना. चौथ्या दिवशी वहिनींना आईच्या उशाखाली पुडी सापडली. आत्याने कुठल्याशा माणसाकडून मुळी आणली होती, 'कॅन्सर जळून जातो' म्हणून. आई ती सकाळी दुधातून घेत होती. आत्याचं मन मोडू नये म्हणून! मुळीनेच आकडे वाढले हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, केमोनेही वाढू शकतात. पण मुळी बंद केल्यावर ते उतरले. केमोची बरीच औषधं लिव्हरमधून शरीराबाहेर जातात, त्यामुळे झाडपाला, काढे, भस्म, हळदीच्या कॅप्सूल, काहीही घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. आणि उपचार सोडून फक्त पर्यायी औषधांवर राहणं तर फारच घातक. 2018 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्तनाच्या कॅन्सरमध्ये असं करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका पाच पटींहून जास्त दिसला.

आत्यावर मी ओरडलो. आजही त्याची खंत वाटते. ती तिच्या परीने भावजयीला वाचवायलाच बघत होती, आणि आम्ही तिला दुसरं कुठलंच काम दिलं नव्हतं. नंतर आम्ही तिला काम दिलं. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून वहीत ताप लिहायचा. तिने ते इतक्या कडक शिस्तीत केलं की आई कंटाळली.

तापाची गोष्ट आधीच सांगायला हवी होती. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्या दिवसांत 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर ती इमर्जन्सी असते, मग पेशंट कितीही ठीक दिसो. चौथा डोस 4 फेब्रुवारीला झाला होता. 8 तारखेला माघी गणेशजयंती, महडला तुफान गर्दी. आई हट्टाने गेली. 13 तारखेच्या रात्री वहिनींचा फोन आला, आईंचं अंग गरम लागतंय. ताप 101.2.

आणि इथे मी, जो हे सगळं लोकांना शिकवतो, मनात म्हणालो, पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू. रात्रीचा दीड वाजला होता, थंडी होती, आईला हलवायचं जिवावर आलं होतं. फोनवर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, टाटाच्या कागदावर लिहिलंय ताप आला तर लगेच या. तुम्ही म्हणता तसं लिहिलेलं नाही." दादाने गाडी काढली, मी चौकला त्यांना गाठलं आणि साडेतीनपर्यंत नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये पहिलं अँटिबायोटिक शिरेतून चालू झालं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

आई पाच दिवस ॲडमिट होती. मी तिला महडच्या गर्दीवरून बोललो, तीही स्वतःला दोष देत राहिली. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की अशा तापात जंतू बरेचदा पेशंटच्या स्वतःच्या तोंडातले, आतड्यातलेच असतात. गर्दी टाळायची हे खरं, पण यात दोष कुणाचा हे ठरवत बसू नका. मग आम्ही नियम सोपे केले. देवळात जायचं तर सकाळी लवकर, मास्क लावून, डोसानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात नाही. तीर्थ उकळून गार केलेल्या पाण्याचं, घरचं. प्रसाद गरम शिजवलेला चालेल, उघड्यावरचं पंचामृत नको. अंगारा कपाळाला लावायचा, पोटात नाही.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. गाठ इतकी आक्रसली होती की स्तन काढावा लागला नाही. पण आदल्या संध्याकाळी वेगळाच पेच पडला. नर्स म्हणाल्या, गळ्यातली माळ काढावी लागेल. तीस वर्षांत आईने तुळशीची माळ उतरवली नव्हती. केस गेले तेव्हा ती रडली नाही, "देवाला दिले" म्हणून पदर घेतला. माळेपाशी अडली. मी निर्जंतुकीकरण समजावू लागलो. तेवढ्यात बाबा पुढे आले आणि म्हणाले, "माझ्या गळ्यात घाल."

बाबा म्हणजे बुधवार-शुक्रवार-रविवार मासळीशिवाय न जेवणारा माणूस. देवळात बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा. त्यांच्या गळ्यात माळ घालून आई आत गेली. ती दुसऱ्या दिवशी परत मिळाली असती, पण आई म्हणाली, टाके काढेपर्यंत राहू द्या. तेवढे दिवस बाबांनी सुकटाचासुद्धा वास घेतला नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

याच बाबांनी साठाव्या वर्षी पहिल्यांदा गॅस पेटवला. केमोनंतर आईला फोडणीचा वास सहन होत नसे. तेव्हा ते तांदळाची मऊ पेज करायचे, थोडं मीठ, वरून तूप. पहिल्या दिवशी करपली. मार्चपर्यंत छान जमू लागली.

कुटुंबाचा उपचारांवर खरोखर परिणाम होतो. अमेरिकेतल्या सात लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी 2013 मध्ये तपासल्या गेल्या, त्यात विवाहित पेशंटमध्ये कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे वीस टक्क्यांनी कमी होते. माझ्या मते यात चमत्कार नाही. घरात कुणी असलं की ते ओढून डॉक्टरकडे नेतं, तारीख चुकू देत नाही, रात्री दीडला कागद वाचून दाखवतं.

पण घरातलं हे 'कुणी' बहुतेक वेळा एकच बाई असते. आमच्याकडे वहिनी. ऑपरेशननंतर जखमेला नळी होती, तिच्यातलं पाणी रोज मोजावं लागे. वहिनी ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहीत. हाताचे व्यायाम त्याच करून घेत, कारण काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडतो, सुजू शकतो. हे सगळं सात महिने चाललं, आणि एके दिवशी त्या विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन साडेसात! घरात डॉक्टर, घरात आठवड्याला रक्ततपासणी, आणि वहिनींचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. सोबत करणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा तरी विचारा, तू जेवतेस का, झोपतेस का. आणि नुसतं विचारू नका, दोन दिवस तिचं काम करा.

रेडिएशन 15 जुलैपासून, तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. पावसाळ्यात डोलवलीहून रोज परळ शक्य नव्हतं. आई-बाबा दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. देवळांपेक्षा धर्मशाळा बांधा, असं सांगणाऱ्या संताच्या नावाची ही जागा. तिथे देशभरातून आलेले कॅन्सरचे पेशंट राहतात. मला वाटलं होतं आईला करमणार नाही. पण संध्याकाळी तिच्याभोवती बायका जमत, भाषा वेगवेगळ्या, प्रत्येकीच्या डोक्याला रुमाल. 27 जुलैला बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, आमच्या बाजूची रेल्वे बंद पडली. आम्ही इकडे, ते तिकडे. सोमवारी आईचं रेडिएशन वेळेवर झालं.

टाटा हॉस्पिटलही एका घरच्या दुःखातून उभं राहिलं आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात जसे उपचार झाले तसे इथे मिळावेत ही दोराबजींची इच्छा होती. ते पुढच्याच वर्षी गेले. हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या इमारतीकडे बघत होते.

आईची गोळी पूर्ण झाली आहे. दरवर्षी मॅमोग्राफी होते. त्याच्या आधीचे आठ दिवस घरात कुणी नीट झोपत नाही, हे सहा वर्षांनीही बदललेलं नाही.

तर, त्या खालापूरच्या मुलाला मी म्हणालो, आईला घेऊन ये, आपण मिळून सांगू. गुरुवारी तो तिला घेऊन आला. नऊवारी, कपाळाला बुक्का. मी सावकाश सांगितलं, कॅन्सर हा शब्दही वापरला. मुलगा जमिनीकडे बघत होता. ती म्हणाली, "लावणीच्या आधी होईल का सगळं?" मी म्हणालो, नाही होणार. "मग लावणीला माणसं बघाय लागतील," ती मुलाला म्हणाली.

मी तिला आईचा फोन लावून दिला. दोघी वीस मिनिटं बोलल्या, बाहेर ओपीडी खोळंबली होती. आईने तिला काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. चादर ने, केमोच्या खोलीत एसी असतो. डबा स्टीलचा ने. डब्यात फोडणीचं नको. आणि सुनेला एक दिवस माहेरी पाठव.